रिपोर्ट निगेटिव्ह, म्हणून इंजेक्शन बंद?

बी-१२ कमी, तळपायांना मुंग्या आणि हातात इंट्रिन्सिक फॅक्टर अँटिबॉडीचा ‘निगेटिव्ह’ रिपोर्ट. ‘आता इंजेक्शने बंद ना, डॉक्टर?’ नाही, असेच मी सांगतो. इंट्रिन्सिक फॅक्टर हे जठरातून पाझरणारे प्रथिन. त्याविना आहारातले बी-१२ अंगी लागत नाही. त्याच्याविरुद्धची प्रतिद्रव्ये रक्तात सापडली तर पर्निशस अ‍ॅनिमियाचे निदान जवळजवळ पक्के. पण या आजाराच्या सुमारे ५० टक्के रुग्णांत ती सापडतच नाहीत. पराइटल सेल अँटिबॉडीची चाचणी उलट फारच उदार: निरोगी वृद्धांत, थायरॉईडच्या रुग्णांतही ती पॉझिटिव्ह येते. शाकाहाऱ्यांत आहारामुळेही बी-१२ घटते; मासे-मटण नेमाने खाणाऱ्यात घटले तर मात्र जठराचा संशय घ्यावाच. तपासणीचे रक्त पहिल्या इंजेक्शनपूर्वी द्यावे, पण रिपोर्टसाठी उपचार अडवू नयेत. उशीर झाल्यास नसांची हानी कायमची राहू शकते.