विश्लेषण : खांदेदुखीवर ‘पीआरपी’ इंजेक्शन, पैसे मोजण्याआधी हे जाणून घ्या

दिवसभर फवारणी पंपाचा दांडा हलवायचा, वेचणीच्या दिवसांत डोक्यावरचे कापसाचे गाठोडे हात वर करून सावरायचे. यवतमाळ जिल्ह्यात खांदा दुखावण्यासाठी क्रिकेट खेळावे लागत नाही. पण खेळाडूंमुळे गाजलेले ‘पीआरपी’ इंजेक्शन आता सामान्य रुग्णालाही सुचवले जाते. ते खरेच उपयोगी आहे का?

पीआरपी म्हणजे काय?
डेंग्यूमुळे ‘प्लेटलेट्स’ हा शब्द घराघरांत पोहोचला आहे. पीआरपीमध्ये रुग्णाचेच थोडे रक्त काढून यंत्रात वेगाने फिरवतात. प्लेटलेट्सनी समृद्ध झालेला द्रव वेगळा करून दुखऱ्या जागी टोचतात. प्लेटलेट्समधील वाढीस मदत करणारे घटक जखम भरून काढतील, असा यामागचा विचार आहे.

दुखते नेमके काय?
खांद्याचा सांधा चार स्नायूंच्या कंडरांनी धरून ठेवलेला असतो. याला ‘रोटेटर कफ’ म्हणतात. सततच्या ताणाने आणि वयामुळे या कंडरा झिजतात, कधी अर्धवट फाटतात.

पुरावे काय सांगतात?
2013 मध्ये तुर्कस्तानातील 40 रुग्णांच्या चाचणीत निम्म्यांना पीआरपी, तर निम्म्यांना नुसते सलाईनचे पाणी टोचले. व्यायाम दोन्ही गटांना दिला. वर्षभरानंतर दोन्ही गटांत फरक दिसला नाही. काही अभ्यासांत मात्र काही महिन्यांनंतर स्टेरॉइडपेक्षा पीआरपी सरस ठरले. निष्कर्ष असे वेगवेगळे येण्याचे एक कारण म्हणजे पीआरपी तयार करण्याची एकच ठरलेली पद्धत नाही. प्लेटलेट्सचे प्रमाणही प्रत्येक ठिकाणी वेगळे असते.

म्हणजे पीआरपी थोतांड नाही, पण रामबाणही नाही. रक्त स्वतःचेच असल्याने ॲलर्जीचा धोका कमी असतो. तरी काही दिवस दुखणे वाढू शकते आणि क्वचित संसर्गही होऊ शकतो.

मग आधी काय करावे?
ब्रिटनमधील 708 रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष 2021 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. फिजिओथेरपिस्टकडे सहा वेळा जाणारे आणि एकदाच नीट शिकून घरी व्यायाम करणारे, दोघांनाही वर्षभरात जवळपास सारखाच फायदा झाला. स्टेरॉइड इंजेक्शनचा जास्तीचा फायदा थोडा आणि थोड्याच काळापुरता होता. मजुरी बुडवून तालुक्याच्या ठिकाणी खेटे घालणे ज्यांना परवडत नाही, त्यांच्यासाठी ही मोठी दिलासादायक बाब आहे. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयापासून ग्रामीण रुग्णालयापर्यंत हा व्यायाम शिकवण्याची सोय भक्कम व्हायला हवी. महागड्या इंजेक्शनच्या जाहिरातीपेक्षा गरज त्याची आहे.

डॉक्टरांना काय विचाराल?
• कंडरा झिजली आहे, अर्धवट फाटली आहे की पूर्ण तुटली आहे?
• तीन महिने नियमित व्यायाम करून पाहता येईल का?
• इंजेक्शन सोनोग्राफीत पाहून देणार का? किती वेळा, एकूण खर्च किती?
• फरक पडला नाही तर पुढे काय?

पडल्यानंतर किंवा झटका बसल्यानंतर हात अचानक वर उचलता येत नसेल, तर वाट न पाहता अस्थिरोग तज्ज्ञांना दाखवा. बाकी दुखण्यात घाई नको. हंगामाची कमाई सुईवर घालवण्याआधी चार प्रश्न विचारणे हा रुग्णाचा हक्क आहे.