फटफटीचे पाय

मोटारसायकलीला आमच्या बीडकडचे जुने लोक अजून फटफटी म्हणतात. शब्द कानाने घडवलेला आहे. परंतु ज्या मोटारसायकली डांबरी रस्ता सोडून ढेकळांतून आणि मातीच्या उंचवट्यांवरून शर्यतीत धावतात, त्यांचे खरे मर्म त्या फटफटीखाली, म्हणजे गाडीच्या पायांत असते. या दिवाळीत त्याविषयी चार गोष्टी सांगाव्या म्हणतो. व्याकरण शिकवणाऱ्या माणसाला ही उठाठेव कशाला, असे वाचक विचारतील. घरातूनही हाच प्रश्न फराळाच्या ताटाबरोबर पुढे आला आहे. उत्तर ओघात येईलच.

या शर्यतीला मोटोक्रॉस म्हणतात. नाव फ्रेंचांनी दिले. खेळ मात्र इंग्लंडातला, सरे परगण्यातील कॅम्बर्ली येथे १९२४ साली सुरू झालेला. जागतिक अजिंक्यपद १९५७ पासून. पहिला मान स्वीडनच्या बिल निल्सनचा. त्या काळच्या गाड्या चार-स्ट्रोकच्या आणि अंगाने भारी. पुढे हलक्या दोन-स्ट्रोक गाड्यांनी त्यांना मागे टाकले. १९६६ साली पॉल फ्रिडरिक्सने ५०० सीसीचा मोठा गट जिंकला तो चेकोस्लोव्हाकियाच्या सीझेडवर. म्हैसूरहून आपल्याकडे जावा गाडी आली, तिचेही माहेर हाच देश! आता तर हा खेळ आपल्या दारात आला आहे. २८ जानेवारी २०२४ रोजी पुण्यात, बालेवाडीच्या क्रीडासंकुलात माती ओतून सुपरक्रॉसच्या भारतीय लीगची पहिली फेरी झाली. तिथे परदेशी स्वार साडेचारशे सीसीच्या गाड्या घेऊन हवेत उडत होते. त्याखेरीज गावोगावच्या लहान शर्यतींत भारतीय बनावटीच्या गाड्यांचे वेगळे गट असतात, आणि आमच्यासारख्या जिल्ह्यातल्या पोरांची धाव तिथवर पोहोचू शकते.

माझ्या वर्गातल्या एका विद्यार्थ्याची ती पोहोचली. त्याच्याकडे मामाची जुनी यामाहा आरएक्स १०० आहे. ही गाडी भारतात १९८५ पासून १९९६ पर्यंत तयार झाली. सिलिंडरचा व्यास ५० मिलिमीटर, दट्ट्याची धावही तितकीच, एकूण ९८ सीसी, आणि ताकद अकरा घोड्यांची. धुराच्या नियमांपुढे दोन-स्ट्रोक गाड्या रस्त्यावरून गेल्या, तरी तिच्या नावाने उसासे टाकणारे अजून पुष्कळ आहेत. मुलाने दोन सुट्ट्या राबून अठरा हजार रुपये साठवले होते, आणि ते सगळे इंजिनात घालून गाडी पळवायची असा त्याचा बेत होता. मध्यस्थी करायला मला गॅरेजात नेले. तिथल्या मिस्त्रींना सारे उस्ताद म्हणतात. उस्तादांनी गाडीकडे न पाहता मुलाकडे पाहिले आणि विचारले, "वजन किती तुझं?"

मला तो प्रश्न चमत्कारिक वाटला. पण त्यात सगळे शास्त्र होते.

कापसाच्या रानात सऱ्या-वरंबे आडवे ओलांडत सायकल नेऊन पाहा. पहिल्या वरंब्याला मागचे चाक उडते. ते खाली टेकते न टेकते तोच दुसरा वरंबा येतो. चाक जितका वेळ हवेत, तितका वेळ इंजिनाची ताकद फुकट, कारण हवेला ढकलून कोणी पुढे जात नाही. म्हणून स्प्रिंग लागते. पण नुसती स्प्रिंग दाबली की तितक्याच जोराने उसळते, आणि स्वाराला हॅण्डलवरून पुढे फेकते. तिला आवर घालण्यासाठी शॉकॲब्सॉर्बरमध्ये तेल असते. ते बारीक छिद्रांतून जाताना अडते, त्यामुळे स्प्रिंग सावकाश परतते. फारच सावकाश परतली तर दुसरा विकार: पुढचा वरंबा येईपर्यंत ती पुरती उघडलेलीच नसते, मग प्रत्येक धक्क्याला थोडी थोडी बसत जाते आणि शेवटी गाडी दगडासारखी कडक होते. या दोन टोकांमधली जागा शोधणे हे शर्यतीच्या गाडीवरचे निम्मे काम आहे.

१९७३ साली या बाबतीत मोठी उलथापालथ झाली. लुसिअँ टिल्केन्स या बेल्जियन इंजिनिअरने मागचे दोन शॉकॲब्सॉर्बर काढून सीटखाली एकच लांब बसवण्याची युक्ती काढली. यामाहाने ती उचलली आणि स्वीडनच्या होकान अँडरसनने त्या गाडीवर २५० सीसीचे जागतिक अजिंक्यपद मिळवले. त्यानंतर काही वर्षांतच चाकाची वरखाली हालचाल चार इंचांवरून बारा इंचांच्या घरात गेली. इंजिनात एवढी क्रांती त्या दशकात झाली नाही.

स्वाराचे वजन का विचारले, तेही सांगतो. आजच्या मोटोक्रॉस गाडीच्या मागच्या चाकाची चाल सुमारे ३०० मिलिमीटर असते, आणि स्वार बसल्यावर त्यातील साधारण १०० मिलिमीटर दबले पाहिजेत. म्हणजे खड्डा आला तर चाकाला खाली जायलाही जागा राहते. आरएक्सची चाल याच्या तुलनेत अगदी तोकडी. पण तिसऱ्या हिश्श्याचा हिशेब तिलाही लागू. आधी मागचे चाक उचलून आसापासून सीटच्या कडेपर्यंत मोजायचे, मग स्वाराने हेल्मेट-बुटांसकट बसायचे आणि पुन्हा मोजायचे. टेप धरण्याचे काम माझ्याकडे होते. मुलगा बसला तेव्हा जुनी स्प्रिंग जवळजवळ तळाला टेकली. उस्ताद म्हणाले, "सर, ह्याला आत्ता इंजिनाची ताकद द्यायची म्हणजे लंगड्या बैलाला चाबूक मारायचा."

मागे जाड स्प्रिंगचे लांब शॉकॲब्सॉर्बर आले. पुढच्या चिमट्यात घट्ट तेल आणि स्प्रिंगवर इंचभर नळीचा तुकडा पडला. ब्रेकचे लाइनर नवे, टायर जाड बुट्ट्यांचे, दिवे-आरसे सगळे बाहेर. हवेच्या गाळणीला तेलात भिजवून पिळलेला फोम बसला, कारण आमच्याकडची धूळ दट्ट्याला कानशीसारखी घासते. एवढ्यावर अठरा हजारांतले बरेच संपले. मुलाचे तोंड उतरले होते. अशी सोललेली गाडी रस्त्यावर चालवायला कायद्याने बंदी, तेव्हा शर्यतीला न्यायचे टेम्पोभाडेही बाजूला ठेवायचे होते.

इंजिनाच्या वाट्याला उरले ते दात्यांचे गणित. पुढच्या चक्राला १४ दाते आणि मागच्याला ४२ असतील, तर प्रमाण तीन. मागे ४९ केले की साडेतीन. चाकावरचा जोर एक षष्ठांश वाढतो, आणि कमाल वेग एक सप्तमांश घटतो. मातीच्या आखूड मार्गावर हा सौदा फायद्याचा.

मुलाला खरा मोह होता सायलेन्सरचा. दोन-स्ट्रोक इंजिनाचा सायलेन्सर ही मोठी नवलाची वस्तू आहे. जळलेला वायू बाहेर पडताना दाबाची लाट नळीतून धावते. नळी जिथे रुंदावते तिथून ओढ परत येते आणि सिलिंडर रिकामा करायला मदत करते; जिथे पुन्हा अरुंद होते तिथून धक्का परत येतो आणि निसटू पाहणारे ताजे मिश्रण आत ढकलतो. नऊ हजार फेऱ्यांवर एका फेरीला मिळतो सेकंदाचा दीडशेवा भाग, तेवढ्यात हे सर्व जमायचे! नळीची लांबी थोडी चुकली तरी लाट अवेळी येते. हे शास्त्र पूर्व जर्मनीत एमझेड कारखान्याच्या वाल्टर काडेनने घोटून पक्के केले. १९६१ साली त्याचा स्वार एर्न्स्ट डेग्नर देश सोडून पळाला, विद्या सुझुकीकडे गेली आणि पुढल्याच वर्षी त्याने सुझुकीवर ५० सीसीचे जागतिक अजिंक्यपद घेतले. शुक्राचार्यांकडून कचाने संजीवनी नेली, त्यातलाच हा प्रकार.

मुलाचे आईवडील ऊसतोडीला जातात. दसरा झाला की कारखान्याच्या वाटेला लागायचे, ते पाडव्याच्या सुमारास परतायचे. शर्यतीचे कळले तेव्हा आईने मला फोन केला. जिंकेल का, हरेल का, किती पैसे मिळतील, यातले काहीच तिने विचारले नाही. "सर, पडला तर हात कामाचा राहील ना?" एवढेच विचारले. मी तिला ब्रेकचे सांगितले, छातीच्या आणि गुडघ्याच्या कवचाचे सांगितले. हाताचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. गळपट्टीचे हाड मोडणे या खेळात नेहमीचे आहे, हे मी तिला सांगितले नाही. मुलाला मात्र सांगितले, आणि कवच विकत घेतल्याशिवाय टेम्पो निघणार नाही असेही बजावले.

पुण्याकडच्या त्या लहान शर्यतीत तो बारा जणांत सातवा आला. सरळ पट्ट्यावर तिघे त्याच्या पुढून गेले, उंचवट्यांच्या रांगेत त्याने दोघांना मागे टाकले. हे सारे उस्तादांनी फोनवरच्या चित्रफितीत पुन्हा पुन्हा पाहिले, आणि मग प्लग काढून त्याचा रंग पाहिला. बिस्किटासारखा तपकिरी होता. पांढरा असता तर पेट्रोल कमी पडून दट्ट्या चिकटण्याची भीती. काळा-ओला असता तर पेट्रोल जास्त. जेट तसाच ठेवायचा ठरला.

आता सिलिंडरची वायू बाहेर सोडणारी खिडकी अर्धा मिलिमीटर वर घासायची आहे. त्याने वरच्या फेऱ्यांना जोर येतो, खालचा जातो. आणि घासलेले लोखंड परत लावता येत नाही. म्हणून उस्तादांनी भंगारातून दुसरा सिलिंडर आणवला आहे. कानस मुलाच्याच हाती द्यायची, असे ते म्हणतात. पुढची शर्यत संक्रांतीनंतर आहे, आणि तोवर मूळचा सिलिंडर गॅरेजाच्या फळीवर, तेलाच्या फडक्यात गुंडाळलेला राहील.