शाल, श्रीफळ आणि बिदागी



८ मार्चच्या कार्यक्रमांची तयारी आता गावोगाव सुरू होईल. सभागृह, पाहुण्या, बॅनर, चहा अशी यादी होईल आणि यादीच्या शेवटी कुणीतरी म्हणेल, "सुरुवातीला दोन-तीन गाणी ठेवू या. त्या बायका येतील की, आपल्याच आहेत."

त्या 'आपल्याच' बायकांपैकी मी एक. या त्रैमासिकाच्या संपादनाचं काम करते, तशीच गेली अकरा वर्षं सहा जणींच्या गाण्याच्या गटात ढोलकी वाजवते. म्हणून या वेळचं संपादकीय थोडं आतून लिहिते आहे.

आमचा गट मिरज-सांगली भागातला. दोघी गातात, एक पेटीवर, एक कीबोर्डवर, एक हलगी आणि ऑक्टोपॅड सांभाळते, ढोलकी माझ्याकडे. सुरुवात झाली ती चळवळीच्या गाण्यांपासून. १९८३ साली स्त्री मुक्ती संघटनेचं 'मुलगी झाली हो' हे नाटक आलं, तेव्हा बायका चौकात उभ्या राहून, गाऊन आपलं म्हणणं मांडतात हे आमच्या आधीच्या पिढीने पाहिलं. आम्ही त्यांच्याकडून शिकलो. पण मोर्चातल्या गाण्यांवर जीपचं भाडं निघत नाही. मग आम्ही सुपाऱ्या घेऊ लागलो.

सुपाऱ्या घ्यायच्या म्हटलं की एका प्रकारच्या गाण्यांवर भागत नाही. १४ एप्रिलच्या आसपास भीमगीतं, लग्नसराईत हळदीच्या रात्री सिनेमाची गाणी, आषाढात अभंग, गणपतीत आर्केस्ट्रा, नवरात्रात देवीची गाणी, मधूनच एखाद्या बारशाला पाळणा. कधी एकाच दिवशी सकाळी भजन आणि रात्री हळद असते. भजनाचा ठेका हातात बसलेला असतो आणि समोरून लावणीची फर्माईश येते. साडी तीच, फक्त जीपमध्ये गजरा बदलायचा. लोक विचारतात, "एवढी गाणी पाठ कशी राहतात?" गाणी राहतात हो. अवघड असतं ते दुसरंच. कार्यक्रमाच्या ठिकाणी उतरलं की आमचा पहिला प्रश्न असतो, बायकांसाठी मोरी कुठे आहे? निम्म्या ठिकाणी त्याचं उत्तर कुणापाशी नसतं. म्हणून दुपारपासून पाणी कमी प्यायचं, आणि तहानलेल्या गळ्याने तीन तास गायचं. रात्री दहाला कर्णे बंद करण्याचा २००० सालचा नियम पुरुषांच्या आर्केस्ट्रांना जाचतो. आम्हाला तो बरा वाटतो, निदान बाराच्या आत घरी पोचता येतं.

माइकजवळ बाई उभी राहिलेली लोकांना चालते. वाद्याजवळ बसलेली बाई मात्र अजून डोळ्यांत भरत नाही. एका हळदीला आम्ही सगळं मांडून बसलो होतो. साउंडवाला मुलगा आला आणि मला म्हणाला, "ताई, वाजवणारे कधी येणार?" ढोलकी माझ्या मांडीवर होती! त्याचा दोष नाही. त्याने पाहिलेलंच तसं. संगीत बारीतसुद्धा गाणं-नाचणं बायकांचं आणि तबला-ढोलकी बहुतेक पुरुषांची. मुंबईत आबान मिस्त्रींनी (१९४०–२०१२) तबल्याचं एकल वादन करून नाव मिळवलं, पण त्यांच्या मागून आलेल्या बायका अजून सहज मोजता येतात.

वाद्य कुणाच्या हातात आहे यावर बरंच काही ठरतं. आमची एक गायिका आधी सहा वर्षं पुरुषांच्या आर्केस्ट्रात होती. तिथली पट्टी पुरुष गायकाच्या सोयीची. त्यात खाली उतरलं की हिचा आवाज बसायचा, वर गेलं की चिरकायचा. हिची समजूत, आपला गळाच कच्चा. आमच्याकडे आल्यावर आम्ही पेटीवर तिची पट्टी शोधली, काळी चार निघाली. ढोलकी तिला जुळवून घेतली आणि बाई मोकळी गायली. सहा वर्षं ती दुसऱ्याच्या पट्टीत गात होती आणि चूक स्वतःची समजत होती. आपल्यातल्या कितीजणींची गोष्ट अशीच असेल!

मंचावर बायका किती असाव्यात हेही आजवर दुसऱ्यांनीच ठरवलं. २००५ साली महाराष्ट्रात डान्स बारवर बंदी आली तेव्हा आपल्या संघटनांमध्येही दोन मतं होती, हे अनेकजणींना आठवत असेल. बंदी पुढे न्यायालयात टिकली नाही. पण बारमधल्या आर्केस्ट्राच्या परवान्यात एक अट होती : मंचावर जास्तीत जास्त चार बायका आणि चार पुरुष. १८ फेब्रुवारी २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने ही मोजदाद रद्द केली. मंचावरच्या एकूण कलाकारांची मर्यादा आठ ठेवता येईल, पण त्या आठांत बायका किती आणि पुरुष किती हे सरकारने ठरवायचं नाही. आठही बायका असू शकतात. बायकांच्या सुरक्षिततेचं कारण दाखवून घातलेली ही अट बाईविषयीच्या ठरीव समजुतीतून आली आहे, असं न्यायालयाने म्हटलं. बारमध्ये गाणारी बाई आणि सत्यनारायणाला गाणारी बाई या दोघींसाठी हा निकाल महत्त्वाचा आहे, कारण दोघींनाही रात्री घरी परतताना एकाच नजरेला तोंड द्यावं लागतं. आपल्या किती गटांनी या निकालावर चर्चा केली?

आता आमच्यातलीच एक गोष्ट सांगते. आमच्या गटात हलगी वाजवणारी मातंग घरातली आहे. ती हलगी घेऊन मंचावर आली की टाळ्या पडतात, "बाई असून हलगी!" म्हणून. मला याचं मोठं कौतुक होतं. एकदा तिच्या भावाने मला सरळ विचारलं, "आमचा बाप मिरवणुकीपुढे वाजवायचा आणि मांडवाबाहेर जेवायचा. तेव्हा टाळ्या कुठे होत्या?" माझ्याजवळ उत्तर नव्हतं. डॉ. आंबेडकरांच्या चळवळीत अनेक घरांनी गावकीची कामं, त्यात गावासाठी वाजवणंही, ठरवून सोडलं. मी ढोलकी घेतली तेव्हा एक बंधन तोडलं. तिने हलगी घेतली तेव्हा जुनं जोखड पुन्हा गळ्यात पडण्याची भीतीही तिच्याबरोबर आली. म्हणून तिची एक अट आहे : आधी रक्कम ठरेल, जेवण सगळ्यांच्या पंगतीत असेल, तरच हलगी निघेल. ती अट आता आमच्या सगळ्यांची झाली आहे.

आता मुद्द्याचं. मागच्या ८ मार्चला आम्ही चार ठिकाणी गायलो. दिवसभराच्या जीपला २२०० रुपये गेले. दोघींची त्या दिवसाची रोजी बुडाली. चारही ठिकाणी सहाही जणींचा शाल आणि श्रीफळ देऊन सत्कार झाला. चोवीस नारळ घरी आले. वड्या करून वाटल्या, पण जीपवाल्याला वड्या चालल्या नाहीत! आणखी एका ठिकाणी पाकीट होतं, पण आयोजक बाईंनी ते आमच्या ड्रायव्हरच्या हातात दिलं, गाडीत तोच एकटा पुरुष होता म्हणून.

हे सांगताना मी स्वतःला बाजूला काढत नाही. २०१५ साली एका मेळाव्याची मी संयोजक होते. एका लोककलावंत बाईंना मी फोनवर म्हटलं होतं, "मावशी, आपलंच काम आहे, मानधनाचं बघू नका." त्या आल्या, गायल्या, काही न बोलता गेल्या. घरकामाला मोल हवं असं ज्या सभेत आम्ही ठासून मांडत होतो, त्याच सभेत हे झालं. मांडववाल्याचं बिल मात्र आम्ही त्याच दिवशी चुकतं केलं.

पैसे नसतात हे खरं आहे. वर्गणीवर चालणारे आपले गट काय देणार? पण जमेल तेवढं, आधी सांगून, हातात देणं तर जमेल? पाटण्याजवळच्या ढिबरा गावातल्या दलित बायकांनी सुधा वर्गीस यांच्या नारी गुंजन संस्थेच्या मदतीने बँड काढला. त्या लग्नकार्यात ढोल वाजवतात आणि त्याचे पैसे घेतात. शेतमजुरी करणाऱ्या या बायकांच्या कामाचं कौतुक आपण करतो, तेव्हा त्यांनी मोल घेतलं याचंही करू या.

एवढ्या गोष्टी करून पाहू या. बोलावतानाच रक्कम सांगायची, नसेल तर नाही म्हणायचं. जीपभाडं आगाऊ द्यायचं. बिदागी जिची आहे तिच्याच हातात द्यायची. मोरी आणि कपडे बदलायला आडोसा आहे ना, हे आदल्या दिवशी पाहायचं. आणि कार्यक्रमात कुणी अंगचटीला आलं तर २०१३ च्या कायद्याखाली जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते, दहापेक्षा कमी माणसं असलेल्या कामाच्या जागांसाठीच ती समिती आहे, हे गाणाऱ्या-वाजवणाऱ्या बायकांपर्यंत पोचवायचं. त्यांच्याबरोबर तिथवर जायची वेळ आली तर जायचंही.

तुमच्या गावात वाजवणाऱ्या बायका असतील. बँडमध्ये, भजनी मंडळात, गायन पार्टीत. त्यांना काय मिळतं, काय सोसावं लागतं हे विचारा आणि आम्हाला लिहून पाठवा. माझं म्हणणं पटलं नाही तर तेही लिहा.

आणि आम्हाला ८ मार्चला जरूर बोलवा. गाणी तयार आहेत. फक्त या वेळी नारळ नकोत.

तुमची,
संपादक