काही लागलं तर सांग!

मागच्या दिवाळीत घरी निघताना मी माझ्या रूम पार्टनरला म्हणालो, "काही लागलं तर सांग रे!" आणि सॅक उचलून सरळ एसटी स्टँड गाठलं. तो मणिपूरचा. पाच दिवसांच्या सुट्टीत घरी जाऊन येणं त्याला शक्यच नव्हतं. परत आलो तेव्हा कळलं, मेस बंद, गेटसमोरची टपरी बंद आणि हा पठ्ठ्या दोन दिवस तापाने फणफणत बिस्किटांवर होता! "अरे, फोन का नाही केलास?" तर म्हणे, "दिवाली थी यार, कैसे बोलता?"

त्यानंतर काही दिवसांनी गँडरबद्दल वाचलं आणि माझी मलाच लाज वाटली.

गँडर हे कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटावरचं छोटं गाव. ११ सप्टेंबर २००१ ला हल्ले झाले आणि अमेरिकेने आपलं आकाश बंद केलं. अटलांटिकवरची विमानं मध्येच वळवावी लागली. त्यातली ३८ प्रवासी विमानं गँडरला उतरली. पूर्वी तिथे विमानं इंधन भरायला थांबत, म्हणून विमानतळ मोठा. पण वस्ती १० हजारांच्या आसपास. आणि पाहुणे किती? सुमारे साडेसहा हजार! देश वेगळे, भाषा वेगळ्या, सामान विमानातच अडकलेलं.

गावाने काय केलं? स्कूल बसचे ड्रायव्हर संपावर होते. ते संप बाजूला ठेवून गाडीवर बसले. शाळा, चर्च, हॉल राहायला उघडले. घराघरांतून आलेलं अन्न टिकवायला बर्फावरच्या हॉकीचं मैदान फ्रीज म्हणून वापरलं! लोकांची औषधं बॅगेत राहिली होती, तर तिथल्या फार्मासिस्टनी परदेशात फोन लावून प्रिस्क्रिप्शन शोधली आणि औषधं फुकट दिली. आंघोळीला लोकांनी स्वतःची घरं उघडली. पुढे एका विमानातल्या प्रवाशांनी शेजारच्या लुइसपोर्ट गावच्या मुलांसाठी शिष्यवृत्ती सुरू केली.

मला यात एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. "काही लागलं तर सांगा" एवढं म्हणून ते लोक थांबले नाहीत. परक्या गावातल्या माणसाला मागायचा संकोच वाटतो, हे त्यांनी आधीच ओळखलं. आपण मात्र ते वाक्य बोलतो आणि मोकळे होतो. मागण्याचं ओझं पुन्हा त्याच्याच डोक्यावर!

कोणी म्हणेल, ते संकट होतं, चार-पाच दिवसांचा प्रश्न होता. रोज कोण करणार? अहो, आपला प्रश्न तरी कुठे रोजचा आहे? दिवाळीचे पाच दिवस, रविवारची संध्याकाळ, फर्स्ट इयरच्या पोरांची पहिली रात्र. बस्स, एवढंच.

म्हणून एक साधी सूचना. सुट्टीच्या आठवडाभर आधी प्रत्येक विंगमध्ये कोण मागे राहणार याची यादी करूया. जवळ राहणाऱ्यांनी त्यातल्या एकेकाला घरी न्यावं, नाहीतर त्याच्या डब्याची सोय लावूनच निघावं. आणि रेक्टर सर, तेवढे दिवस मेसची एक शेगडी चालू राहिली तर फार बरं होईल.

यंदा मी पार्टनरला काही विचारलेलं नाही. त्याचं तिकीट काढलंय, माझ्या गावचं. आईला सांगितलंय, चकली जरा जास्त कर!