तर्री तीच, राबणं कमी

मटण सोडा असं मी म्हणत नाही. जत्रेला, आखाडात रस्सा हवाच. पण आजोबा दिवसभर नांगरामागं चालत. आपण ट्रॅक्टरवर बसतो. तर्री मात्र तीच! मटणाच्या चरबीनं कोलेस्टेरॉल वाढतं, त्यातून हृदयविकाराचा धोका. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१५ मध्ये लाल मांस ‘बहुधा कर्करोगकारक’ ठरवलं; बोकडाचं मटण त्यातच येतं.

मग ताकद कशातून? मटकी, हुलगा, हरभरा आपल्याच रानात पिकतो. तो सगळाच बाजारात घालू नका. एका अंड्यातही सुमारे ६ ग्रॅम प्रथिनं असतात. मटण आणलंच, तर चरबी काढून, कमी तेलात शिजवा. सरपंच, ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी गावजेवणात मोडाच्या मटकीची उसळ ठेवून सुरुवात करावी. पंगतीत जे रुजतं, तेच घरात येतं.