घोस्ट की शॅडो? दोन्ही ‘व्हिंटेज’, पण सांभाळायला अवघड कोणती?

रोल्स-रॉइसची ‘सिल्व्हर घोस्ट’ आली १९०६ मध्ये, तर ‘सिल्व्हर शॅडो’ १९६५ मध्ये. दोन्ही गाड्यांमध्ये जवळपास साठ वर्षांचे अंतर आहे. भारतात मात्र २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षे पूर्ण झालेली, मूळ स्वरूपातली गाडी ‘व्हिंटेज’ ठरते. त्यामुळे पणजी आणि नात आता एकाच रांगेत उभ्या राहत आहेत. शॅडोचे उत्पादन १९८० मध्ये थांबले, म्हणजे शेवटच्या गाड्याही २०३० मध्ये पन्नाशी गाठतील.

मग घोस्ट जास्त जुनी म्हणून तिची देखभाल अवघड आणि शॅडो सोपी? प्रत्यक्षात बरेचसे उलटे आहे.

घोस्टची ताकद कशात?

साधेपणात. सात लिटरचे सहा सिलिंडरचे इंजिन, भक्कम चासी आणि लीफ स्प्रिंग. कंपनी फक्त चासी आणि इंजिन विकत असे. बॉडी ग्राहक वेगळ्या कारागिराकडून बांधून घेई. १९०७ मध्ये या गाडीने बिघाडामुळे न थांबता १४,३७१ मैल, म्हणजे सुमारे २३ हजार किलोमीटर अंतर कापले. १९०८ च्या मुंबई-कोल्हापूर चाचणीत ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ नावाच्या घोस्टने घाटही पार केले. आज सुटा भाग मिळाला नाही, तरी कुशल टर्नर-फिटर तो नव्याने घडवू शकतो.

शॅडोत वेगळे काय?

शॅडोत स्वतंत्र चासी नाही, बॉडी हाच गाडीचा सांगाडा. म्हणजे गंज लागला तर तो केवळ पत्र्याचा नव्हे, सांगाड्याचा प्रश्न असतो. चारही चाकांना डिस्क ब्रेक आणि गाडीची उंची समतल ठेवणारी, सित्रोएनच्या परवान्यावरची हायड्रॉलिक यंत्रणा आहे. पंप, दाब साठवणारे गोळे, व्हॉल्व्ह, नळ्या, सील हे सारे एकमेकांवर अवलंबून असते. त्यातले ब्रेक फ्लुइड हवेतला ओलावा शोषते, त्यामुळे गाडी उभी राहिली की आतून गंज धरतो.

नियमाशी याचा संबंध काय?

व्हिंटेज नोंदणीसाठी २० हजार रुपये शुल्क आहे. नोंदणी १० वर्षे टिकते, नूतनीकरणाला पाच हजार रुपये लागतात. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल चालत नाही. शिवाय ही गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्यापुरतीच मुभा आहे.

म्हणजे जी गाडी उभी राहून बिघडते, तिलाच नियम बहुतांश वेळ उभी ठेवतो. मालकाने देखभालीची मुभा नियमितपणे वापरली नाही, तर नुकसान ठरलेलेच.

खरेदीदाराने काय पाहावे?

शॅडो २५ हजारांच्या आसपास बनल्या, घोस्ट आठ हजारांहूनही कमी. त्यामुळे शॅडो घोस्टच्या तुलनेत खूपच स्वस्तात मिळते आणि मोह होतो. पण व्यवहाराआधी सांगाड्याचा गंज, ब्रेकचा दाब आणि फ्लुइड शेवटचे कधी बदलले याची नोंद पाहावी. नियम फक्त वय मोजतो. दुरुस्तीचा खर्च मात्र गाडीच्या गुंतागुंतीवर ठरतो.