पुढच्या वर्षी नको, यंदाच जा

मोबाईलमध्ये एकाच गायकाची तासन्‌तास रेकॉर्डिंगं, कोणत्या मैफलीत तबल्याला कोण होतं हे झोपेतून उठवलं तरी सांगतील, पण त्या गायकासमोर आजवर एकदाही बसलेले नाहीत, अशा सोलापूरकरांसाठी हे लिहितो आहे. माझ्या ओळखीत असे बरेच आहेत. थंडीची चाहूल लागली की त्यांच्या बोलण्यात पुण्याचा ‘सवाई’ संगीत महोत्सव येतो. यादीत कोण कोण आहे, आपला माणूस कोणत्या दिवशी आहे, आधी कोण, नंतर कोण. आणि शेवटी ठरलेलं वाक्य: यंदा जमेलसं दिसत नाही, पुढच्या वर्षी बघू.

मंडळी, पुढच्या वर्षी नको. यंदाच जा.

डॉ. प्रभा अत्रे १३ जानेवारी २०२४ रोजी गेल्या. वय नव्वदीपार, आणि त्याच दिवशी संध्याकाळी मुंबईत त्यांचं गाणं ठरलेलं होतं. त्यांच्या आधी चारच दिवस राशीद खाँ गेले, पंचावन्नाव्या वर्षी. त्यांचं गाणं अजून पंधरा-वीस वर्षं ऐकायला मिळेल असं आपण सगळेच धरून चाललो होतो. त्याच वर्षीच्या डिसेंबरात झाकीर हुसेन गेले. पंडित भीमसेन जोशी २००७ साली, मधली काही वर्षं सोडून, पुन्हा सवाईच्या मंचावर बसले आणि गायले. त्या वर्षी जे गेले त्यांना ते मिळालं. ‘पुढच्या वर्षी’ म्हणणाऱ्यांना पुढचं वर्ष मिळालं, भीमसेनजी मिळाले नाहीत. हे घाबरवण्यासाठी सांगत नाही. गळा शरीरातच असतो आणि शरीराला वय असतं, एवढंच लक्षात ठेवा.

‘रेकॉर्डिंग आहे ना’ असं कुणी म्हणेल. रेकॉर्डिंगचा मी वैरी नाही. भीमसेनजी स्वतः लहानपणी गदगला अब्दुल करीम खाँसाहेबांची रेकॉर्ड ऐकून वेडे झाले होते. पण त्या वेडापायी ते १९३३ साली, अकरा वर्षांचे असताना, गुरूच्या शोधात घराबाहेर पडले आणि पुढे करीम खाँसाहेबांच्याच शिष्यापाशी, कुंदगोळच्या रामभाऊंकडे म्हणजे सवाई गंधर्वांकडे शिकले. गुरू १९५२ साली गेल्यावर त्यांच्या स्मरणार्थ पुढच्याच वर्षी हा महोत्सव सुरू झाला. ती रेकॉर्ड ऐकून तो मुलगा घरी बसला असता तर यातलं काही घडलं नसतं.

समोर बसलं की काय वेगळं मिळतं? पडदा उघडतो तेव्हा गाणं सुरू झालेलं नसतं. मागे दोन तानपुरे लागत असतात. गायक डोळे मिटून कान तिकडे लावतो, मान हलवतो, शिष्याला खूण करतो, खुंटी केसभर फिरते. तबलजी हातोडीने गजऱ्यावर ठोकत सूर बघतो. ही पाच-सात मिनिटं रेकॉर्डिंगमधून बहुतेक कापलेली असतात. पण त्यातच आपलाही कान लागतो. बाहेरची गाड्यांची घरघर, दिवसभराची कटकट हळूहळू मागे पडते आणि मग पहिला षड्ज येतो. तो षड्ज अशा लागलेल्या कानांनी ऐकणं आणि बसमध्ये हेडफोनवर ऐकणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मांडव हजारोंचा असतो, मागे बसलात तर चेहरा मोठ्या पडद्यावरच दिसणार, हे खरं. तरी समेवर हजारो माणसांची दाद एकाच क्षणी उठते, तेव्हा अंगावर काटा येतो. तो मोबाईलवर येत नाही.

आणि सोलापूरकरांना तर यात जास्तीचं देणं आहे. आपल्या गावात मराठी-कानडी दोन्ही घरात असतात. गदगच्या वीरेश्वर पुण्याश्रमात पुट्टराज गवईंकडे शिकलेले पंडित व्यंकटेश कुमार ख्याल गातात आणि मग कानडी दासवाणीकडे वळतात. तेव्हा पुण्याच्या श्रोत्याला सूर कळतो, आपल्यातल्या कितीतरी जणांना शब्दही कळतात. हे भाग्य वाया घालवू नका.

आता व्यवहाराचं. महोत्सवाच्या तारखा कळल्या की पहिलं काम रेल्वेचं. नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण साठच दिवस आधी उघडतं. सकाळी साडेसहाच्या सुमाराची हुतात्मा एक्स्प्रेस जायला उत्तम, दुपारच्या सत्राआधी भरपूर वेळ हातात राहतो. परतीला मात्र ती धरू नका. ती संध्याकाळी सहाच्या सुमारास पुणं सोडते आणि तेव्हा खरं गाणं पुढेच असतं. ध्वनिक्षेपकाच्या नियमामुळे सत्र रात्री दहाला संपतं, सवलतीच्या एखाद्या दिवशी बाराला. त्यानंतर मुंबईहून येणारी सिद्धेश्वर एक्स्प्रेस सोयीची, सकाळी सोलापुरात. पण ती पुण्याला मध्यरात्र उलटल्यावर येते, म्हणून तिकिटावर पुढच्या दिवसाची तारीख टाकायची. शनिवारचं गाणं ऐकून निघणार असाल तर तिकीट रविवारचं. इथे भले भले फसतात. स्टेशनवर उभे राहतात तेव्हा त्यांची गाडी चोवीस तासांपूर्वी निघून गेलेली असते. एसटीने जाणार असाल तर मुकुंदनगरचं महाराष्ट्रीय मंडळाचं क्रीडासंकुल स्वारगेटपासून जवळच आहे.

सोबत सोलापुरी चादर घ्या. भारतीय बैठकीत दुपारी ती खाली अंथरता येते आणि रात्रीचा गारठा वाढला की अंगावर घेता येते. डबा घरचा. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी दोन दिवस टिकते.

तिकीट अधिकृत ठिकाणीच काढा. हे शास्त्रीय संगीताबाहेरच्या रसिकांनाही सांगतो, कारण लुबाडणूक तिकडे जास्त आहे. जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईत कोल्डप्ले या बँडचे कार्यक्रम झाले. अडीच हजारांपासून सुरू होणाऱ्या तिकिटांचे भाव दुसऱ्यांच्या हातात गेल्यावर लाखांत सांगितले जात होते. आपल्या पोरापोरींना बजावून ठेवा. व्हॉट्सॲपवर आलेला तिकिटाचा फोटो म्हणजे तिकीट नव्हे, आणि कितीही लाडका कलाकार असला तरी त्याच्यासाठी कर्ज काढायचं नाही. ज्याला परवडत नाही त्याने पाच दिवसांऐवजी एकच दिवस जावं. एक दिवस पुष्कळ असतो.

पण तो दिवस पूर्ण ऐका. आपला गायक झाला की सतरंजी झटकून उठणारे लोक पाहिले की मला वाईट वाटतं. त्या वेळी मंचावर बहुधा एखादा तरुण वादक बसत असतो आणि समोरचा मांडव रिकामा होताना त्याला दिसत असतो. तुमचा लाडका गायकही कधीतरी त्या जागी बसलेला होता. तेव्हा कुणीतरी थांबलं म्हणून तो आज तुमच्यापर्यंत पोचला. फोन बंद करून खिशात ठेवा. उचलून धरलेला फोन मागच्याच्या डोळ्यांसमोर येतो आणि त्या आवाजात नंतर ऐकण्यासारखं काही उतरतही नाही. फर्माईश ओरडायची नाही. गायकाने त्या वेळेला, त्या हवेला धरून काहीतरी मनात आणलेलं असतं, ते त्याला गाऊ द्या.

जाण्याआधीच्या आठवड्यात त्या गायकाची रेकॉर्डिंगं ऐकणं थोडं थांबवा, हा माझा अनुभवाचा सल्ला आहे. त्याच्या गुरूचं ऐका, घराण्यातल्या जुन्या माणसांचं ऐका. तेच ते ऐकून गेलं की मन मंचावर रेकॉर्डिंगच शोधत राहतं आणि समोर चाललेलं नवं निसटतं. पुण्यात सकाळी मोकळे असाल तर शिवाजीनगरच्या सवाई गंधर्व स्मारकाकडे चौकशी करा. महोत्सवाच्या काळात तिथे कलाकारांवरचे माहितीपट दाखवतात, मुलाखती होतात.

आणि शेवटचं, जे मला सगळ्यात मनापासून सांगायचं आहे. पुण्याला जाणाऱ्या प्रत्येकाने त्या वर्षात सोलापुरातल्याही मैफलींना जावं. हुतात्मा स्मृतिमंदिरात किंवा फडकुले सभागृहात फारसं नाव न झालेला गायक येतो तेव्हा पुढच्या दोन रांगा भरतात आणि मागे खुर्च्याच खुर्च्या. आयोजक पदरमोड करतो, पुढच्या खेपेला हात आखडता घेतो. मग आपणच म्हणतो, मोठे कलाकार सोलापुरात येत नाहीत. ते यायचे असतील तर आधी लहान मैफल भरायला हवी. पास मागू नका, तिकीट काढा. घरातल्या एका तरी मुलाला बरोबर न्या. सुरुवातीला कंटाळेल, चुळबुळ करेल, तर मध्यंतरात बाहेर नेऊन चहा पाजा आणि पुन्हा आत घेऊन या.